सिंहांची जागा

“लायन नाही टाकता येणार, मॅडम.”

दुकानदाराने बाबांचं जुनं कार्ड उजेडाकडे तिरकं धरलं, वरच्या अशोकस्तंभाच्या सोनेरी उठावावरून एकदा अंगठा फिरवला आणि ते काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवलं. बुधवार पेठेत अरुंद जिना चढून जायचं असं ते दुकान. पायऱ्यांवर कागदाची कात्रणं, आत शाईचा आणि गरम लॅमिनेशनचा वास, मागच्या खोलीत कटिंग मशीन दर अर्ध्या मिनिटाला धाडकन खाली येतंय. “साहेब सर्व्हिसमध्ये आहेत का?” म्हटलं, नाही, रिटायर होऊन सतरा वर्षं झाली. “मग नाहीच. चालू असते तरी ऑफिसचं पत्र मागितलं असतं. मागे एक माजी नगरसेवक आले होते, त्यांनाही नाही म्हटलं.” आवाजात तुसडेपणा नव्हता, उलट जरा वाईट वाटल्यासारखंच बोलला. मग कार्ड पुन्हा ओढून घेतलं आणि विचारलं, “बाकी सगळं असंच ना? फाँट, साइज?” मी म्हटलं, हो, सगळं असंच. फक्त हुद्द्याच्या आधी ‘निवृत्त’ घाला आणि फोन नंबर बदला. एवढंच तर काम होतं. लँडलाइन कधीच बंद झाली होती, घर बदललं होतं आणि बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांचा मेळावा पुढच्या आठवड्यावर आला होता. जुन्या शंभरातली अकरा कार्डं उरली होती. त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं. “असंच छापून आण.”

कार्डं चार दिवसांनी मिळाली. दुकानदाराने माझं बोलणं अक्षरशः पाळलं होतं. सगळं अगदी तसंच, फक्त सिंह नाहीत. त्यांची जागाही तशीच. वर मध्यभागी नखाएवढा पांढरा चौकोन आणि त्याखाली बाबांचं नाव, जणू वरचं कुणी उठून गेलंय आणि आसन अजून गार व्हायचंय.

कर्वेनगरला जाताना रिक्षात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. ‘नियमात बसत नाही’ हे वाक्य ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं, त्यालाच ते कसं ऐकवायचं? घरात शिरले, डबी त्यांच्या हातात दिली आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. “बाबा, त्या दुकानदाराचा ठसा उमटवायचा डाय तुटलाय. सिंहांचा. म्हणून तेवढं राहिलं.”

“डाय तुटला?”

“हो.”

“बरं.”

त्यांनी डबी कपाटात ठेवली. आईने चहा टाकला. झालं एवढंच. पण रात्री दिवा मालवल्यावर ते ‘बरं’ काही केल्या जाईना. लहानपणी मी खोटं बोलल्यावर हे असंच ‘बरं’ यायचं.

आमच्या घरात तो अशोकस्तंभ कायमच होता, पण उलट्या बाजूने. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, कॅम्पातल्या जुन्या दगडी इमारतीत. दर दोन-तीन वर्षांनी फॉर्म बदलायचे आणि रद्द झालेल्या फॉर्मांचे गठ्ठे पाठकोऱ्या कागदासाठी घरी यायचे. माझी सगळी गणितं त्या पाठकोऱ्या बाजूवर झाली. कागद पातळ, त्यामुळे पलीकडचे सिंह वरच्या कोपऱ्यात फिकट, उलटे दिसायचे. मी पेन्सिल आडवी धरून घासायचे की आयाळ उमटायची. एकदा आई म्हणाली, “सरकारी कागद आहे तो, घरी कशाला आणायचा?” बाबांनी मान वर न करता उत्तर दिलं, “रद्द झालाय. रद्दीला जाणारच होता.” हे उत्तर पटल्यासारखं तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही पुरतं वाटत नाही. याच माणसाने ऑफिसचं बॉलपेन खिशातून चुकून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी आठवणीने परत नेलेलं मी पाहिलंय. पेन परत जायचं, कागद राहायचा. माणसाच्या प्रामाणिकपणालाही एक रूळ असतो, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढे ते राजपत्रित झाले आणि आमच्या रविवारच्या सकाळी संपल्या. अकरावीचे, पॉलिटेक्निकचे प्रवेश सुरू झाले की दारात चपलांची रांग लागायची. वाड्यातली, शेजारच्या गल्लीतली, कुणाच्या तरी मावशीच्या ओळखीची मुलं झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन यायची. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालूनच बसायचे. घरी बनियनवर सही करायची नाही, हा नियम. मूळ गुणपत्रिका डावीकडे, झेरॉक्स उजवीकडे, आणि बोट दोन्हीवरून एकाच वेळी खाली सरकायचं. नाव, आसन क्रमांक, एकेका विषयाचे गुण. मुलं ताटकळायची. इतर ठिकाणी गठ्ठ्यावर धडाधड शिक्के पडतात हे त्यांना माहीत असायचं. मग जांभळ्या पॅडवर शिक्का दोनदा दाबून ‘सत्यप्रत’, त्याखाली सही, सहीखाली तारीख. शाई वाळेपर्यंत कागद हातात द्यायचे नाहीत. पुढे सरकारने स्वतःच स्वतःची कागदपत्रं साक्षांकित करायची मुभा दिली आणि ही सगळी जमात नाहीशी झाली. बाबा तोवर निवृत्त झाले होते, तरी बातमी वाचून दोन दिवस गप्प होते. “आता प्रत्येक जण आपल्या प्रतीला आपणच खरी म्हणणार,” एवढंच म्हणाले.

शिक्का, पॅड, कपाटाच्या किल्ल्या, सगळं 30 एप्रिल 2008 ला यादी करून त्यांनी दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. यादीची कार्बन कॉपी अजून घरात आहे. कार्डं मात्र यादीत नव्हती. ती स्वतःच्या पैशाने छापलेली.

सही-शिक्क्याच्या घरात वाढूनही त्या चित्राकडे मी नीट कधी पाहिलं नव्हतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं असंच होतं. छापा-काटा करताना नाणं उडवायचं, सिंह वर आले की छापा, संपलं. नीट पाहायची वेळ आली ती 2011 मध्ये, काशीयात्रेत. यात्रा आईची, सारनाथ बाबांचं. संग्रहालयात शिरताच समोर ते मूळचे सिंह उभे. फोटोत कळत नाही ती गोष्ट म्हणजे तकाकी. चुनारचा वालुकाश्म, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि आजही ओला असल्यासारखा चमकतोय. उंची सात फूट. नखाएवढं पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ती एकदम पेलत नाही. बाबांनी चष्मा पुसला आणि प्रदक्षिणा घातली. हे मी हौसेने म्हणत नाही, खरोखर डावीकडून उजवीकडे चालत त्यांनी चारही सिंह पाहिले, मध्येच थांबून, हात मागे बांधून, एखाद्या सेक्शनची तपासणी करावी तसे. चौथा सिंह दिसत नाही यावर आपल्याकडे टाळ्या घेणारी किती वाक्यं झाली आहेत! तिथे गेल्यावर त्यातली हवा जाते. चौथा तिथेच असतो, चालत जावं लागतं इतकंच.

परत पुढे येऊन ते खाली वाकले. “अक्षरं कुठायत?”

‘सत्यमेव जयते’ शोधत होते. ती दगडावर नाहीतच. मुंडकोपनिषदातलं ते वचन 26 जानेवारी 1950 ला चित्राखाली आलं. ज्या सम्राटाचे सिंह त्याचे ते शब्द नव्हेत, आणि ज्या ऋषींचे शब्द त्यांनी ते सिंह पाहिलेले नाहीत. उलट जे दगडात आहे ते आपल्या चित्रात नाही. सिंहांच्या पट्टीखाली घंटेसारखं उमललेलं मोठं उलटं कमळ आहे, ते आपण घेतलं नाही. सिंहांच्या डोक्यावर कधीकाळी बत्तीस आऱ्यांचं मोठं चक्र होतं, त्याचे तुकडेच हाती लागले. 1904-05 च्या हिवाळ्यात एर्टेल नावाच्या बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरने खोदकाम केलं तेव्हा सिंह आडवे पडलेले सापडले. म्हणजे वरचं काळाने फोडलं, खालचं आपण कापलं आणि मधलं कार्डावर आलं. पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत, मध्ये चक्रं. कुणी त्यात बुद्धाचा जन्म, गृहत्याग वगैरे पाहतं, कुणी चार दिशा. आपल्या मुद्रेत समोरून दोघेच पुरते दिसतात. डावीकडे घोडा, उजवीकडे बैल. बाबांचा यावर ऑफिसात प्रसिद्ध असलेला विनोद होता. फाइल येते घोड्यावरून, जाते बैलावरून. सारनाथला तो त्यांनी आईला पुन्हा एकदा ऐकवला आणि तीसुद्धा पुन्हा एकदा हसली.

खोटं बोलल्यावर माणूस वाचायला लागतो. निदान मी तरी. त्या आठवड्यात मुंडकातला तो मंत्र काढून पाहिला. शाळेत पाठ होता, पण अर्धाच. ‘सत्यमेव जयते नानृतम्’. सत्यच जिंकतं, असत्य नव्हे. राजमुद्रेत ‘नानृतम्’ नाही. चित्राखाली जागा तेवढीच, शिवाय सरकारी मुद्रेवर असत्याचं नावही कशाला, हे समजतं. पण मला त्या गाळलेल्या शब्दाशीच काम होतं. तुटलेला डाय त्या शब्दात राहायला गेला होता.

नियमही वाचले. राजमुद्रेच्या गैरवापराचा कायदा 2005 चा, नियम 2007 चे. माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, माजी न्यायाधीश, निवृत्त अधिकारी, सगळ्यांची नावं घेऊन म्हटलंय की यांनी ती कोणत्याही प्रकारे वापरू नये. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुकानदार बरोबर होता. मला गंमत वाटली ती या ‘माजी’ लोकांच्या रांगेची. देशाचा माजी मंत्री आणि कॅम्पातला माजी अधीक्षक एका ओळीत उभे, दोघांच्याही डोक्यावरचे सिंह काढून घेतलेले. इतकी समता आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

आपल्या राज्याच्या मुद्रेतही असंच काहीसं झालंय. शिवरायांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा’, म्हणजे शहाजीचा पुत्र शिव याची ही मुद्रा, असं नाव आहे. महाराष्ट्राने तो श्लोक घेतला, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ठेवलं आणि नावाच्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ घातलं. राजाचं नाव जाऊन राज्याचं आलं. मूळ मुद्रा मात्र कर्वे रोडच्या सिग्नलला दर चौथ्या दुचाकीवर चिकटवलेली दिसते. तिच्यासाठी कुणी ऑफिसचं पत्र मागत नाही.

मध्येच एका रविवारी मैत्रिणीबरोबर कार्ल्याला गेले. तिला एकवीरेची ओटी भरायची होती. लोणावळा लोकलने मळवली, तिथून रिक्षा, मग पायऱ्या. दोन्ही बाजूंना नारळ, खण, पेढे, कुठे ढोल, कुठे घामाने चिंब झालेलं पण गाणं न थांबवणारं कोळ्यांचं कुटुंब. ती दर्शनाच्या रांगेत उभी राहिली आणि मी बौद्ध लेण्यातल्या चैत्याच्या दारात सावली शोधत टेकले. शेजारी जाडजूड खांब. या आधी पाच-सहा वेळा तरी या खांबाला पाठ टेकून मी फोटो काढले असतील. या वेळी मान वर केली. वर चार सिंह. पाठीला पाठ लावून बसलेले. झिजलेले, काळवंडलेले, तकाकी नाही, आयाळीच्या रेघा पावसाने धुऊन नेलेल्या. एकाच्या पंजाजवळ कबुतराने काड्या जमवल्या होत्या. सारनाथचे सिंह दरबारी वाटतात. हे मावळातले, राकट, उन्हात बसून कंटाळलेले. पण घराणं तेच.

खांबावर ब्राह्मी लेख आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कुणा महारठी गोतिपुत्र अगिमित्रणकाने हा सिंहस्तंभ दान केला, एवढाच मजकूर. हुद्दा, आईच्या गोत्रावरून ओळख, नाव, काम. मी तिथे बसल्या बसल्या मोठ्याने हसले. वर चार सिंह, खाली हुद्दा आणि नाव. व्हिझिटिंग कार्ड! आणि याला कुणी विचारलं नाही की महारठी, तुम्ही सर्व्हिसमध्ये आहात का.

ज्याचे मूळ सिंह, त्याला मात्र ही हौस नसावी. अशोकाच्या बहुतेक लेखांत ‘अशोक’ हे नावच नाही, तो स्वतःला देवांचा प्रिय, प्रियदर्शी म्हणवतो. नाव ठळक सापडलं ते 1915 साली, कर्नाटकातल्या मस्कीच्या लेखात. आणि सारनाथच्या त्या सिंहांखाली त्याने काय कोरून ठेवलं होतं, हे मला कार्ल्याहून परतल्यावर कळलं. खांबाचा बुंधा तिथेच उभा आहे, आम्ही कठड्याबाहेरून पाहिलाही होता, पण लिपी कुणाला येतेय. वर इतकं भव्य शिल्प म्हणजे खाली काहीतरी उदात्त असेल, असं मी धरूनच चालले होते. खाली आहे शिस्तीचा आदेश. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर राहायला लावावं. आणि पुढे सूचना. या आदेशाची एक प्रत तुमच्या कचेरीत ठेवा, एक उपासकांपाशी ठेवा, उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने, स्वतः हजर राहावं.

हे बाबांना सांगायलाच हवं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी गेले. ते गॅलरीत शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. मी मोबाइलवरून वाचून दाखवलं. त्यांचे हात थांबले. “पुन्हा वाच. प्रतीचं.” पुन्हा वाचलं. “म्हणजे परिपत्रकच की हे!” चेहरा असा उजळला की मला फार वर्षांनी तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस दिसला. “एक प्रत कार्यालयात, एक माहितीसाठी, आणि अंमलबजावणीला अधिकारी हजर. सगळं आहे. फक्त जावक क्रमांक नाही.” आईला स्वयंपाकघरातून बोलावून तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, “बरं झालं, म्हणजे तेव्हाही कुणी वाचत नसणार.”

त्या हसण्यातच मी सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, डाय तुटला नव्हता. छापता येत नाही, निवृत्त माणसाला तशी मुभा नाही.

“माहीत आहे,” ते म्हणाले. शेंगेचं साल लांबच्या लांब निघालं, ते त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवलं. “ते परिपत्रक आमच्याकडे आलं तेव्हा मीच सगळ्या सेक्शनना फिरवलं होतं. प्रत्येकाची ‘वाचले’ म्हणून सही घेतली होती. माझी निवृत्ती तीन-चार महिन्यांवर होती.”

“मग मला कशाला पाठवलंत?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. शेंगांचे तुकडे एकसारखे झालेत का ते पाहिलं, एक आखूड तुकडा बाजूला काढला आणि म्हणाले, “दुकानदार चांगला दिसतोय. पत्ता लिहून ठेव त्याचा.”

मेळावा झाला. कार्डं बरीच वाटली गेली असावीत, कारण गेल्या आठवड्यात डबी अर्धी रिकामी दिसली. जुनी अकराही तिच्यातच, रबर लावून तळाशी. त्या दिवशी त्यांचे एक जुने सहकारी फोनवर घरचा पत्ता विचारत होते, नातू येऊन कार्ड घेऊन जाणार होता. बाबांनी फोन ठेवला, एक नवं कार्ड काढलं, पेन्सिलला टोक केलं आणि वरच्या त्या पांढऱ्या चौकोनात, अक्षर मावेल असं बारीक करून लिहिलं, ‘बी विंग. लिफ्ट बंद असल्यास मागचा जिना.’